तारीखमामांचा रविवार

नवा माणूस भेटला की तारीखमामा नाव-गाव मागाहून विचारायचे, आधी जन्मतारीख. ती कळली की डोळे किलकिले करून बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवायचे आणि दोन क्षणांत वार सांगायचे. "मंगळवार. आईला विचारून बघा." एकदा शाळेच्या तपासणीला मोठे साहेब आले होते, मामांनी त्यांनाही सोडलं नाही. साहेब शुक्रवारचे निघाले. मग कसली तपासणी न् कसलं काय, साहेब घरातल्या सगळ्यांचे वार काढून घेत बसले.

आमच्या पारनेर तालुक्यातल्या मुलींच्या हायस्कुलात मामा प्रयोगशाळा सहायक होते. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, पुढे त्याच शाळेत गणिताची बाई. प्रयोगशाळेच्या दाराशी एक फळा होता, त्यावर रोज सकाळी मामा 'आज विज्ञानात' असं लिहून खाली त्या दिवसाचा जन्म, मृत्यू नाहीतर शोध लिहीत. नुसतं लिहून थांबत नसत. जन्म असला की खिशातून गूळ-शेंगदाणे निघायचे. सात नोव्हेंबरला दोन मूठ, कारण त्या दिवशी रेडियमवाल्या बाईंचाही जन्म आणि आपल्याकडच्या प्रकाशवाल्यांचाही.

शास्त्रज्ञांची नावं मात्र मामा कधी घेत नसत. सफरचंदवाले, दुर्बिणवाले, देवीच्या लशीवाले डॉक्टर अशी त्यांची सोयरिक चालायची, जणू ही मंडळी सुप्याला नाहीतर टाकळीला राहतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "परक्या मुलखातली मानसं, पोरी. नाव चुकीचं घेतलं तर त्यांना काय वाटंल? त्यापेक्षा काम सांगावं. कामात चूक व्हत न्हाई."

तारखेच्या बाबतीत मात्र देवाचंही ऐकणार नाहीत इतके कडक. एखादी तारीख दोन पुस्तकांत सारखी मिळाल्याशिवाय फळ्यावर चढत नसे. सफरचंदवाल्यांनी तर त्यांची पंचाईतच केली होती. एका पुस्तकात पंचवीस डिसेंबर, दुसऱ्यात चार जानेवारी! मामा महिनाभर अस्वस्थ. शेवटी कुठूनसं कळलं की तेव्हा तिकडं जुनं कॅलेंडर चालायचं, नव्यानं मोजलं की दहा दिवस पुढं. तेव्हापासून मामा दोन्ही दिवशी लिहायचे, एकदा 'जुन्या हिशेबाने', एकदा 'नव्या हिशेबाने'. पंचवीसला नाताळची सुट्टी, तरी मामा शाळेत हजर. आमचे मुख्याध्यापक ख्रिस्ती होते, ते चर्चमधून निघाले की वाट वाकडी करून फळा वाचायला यायचे आणि मामांच्या हातावर केकचा तुकडा ठेवायचे.

चौदा मार्चला घरून परात, तवा, बांगडी, दोरा अशी सगळी सामग्री यायची. तिसऱ्या महिन्याची चौदा, म्हणून त्या दिवशी गणितातल्या तीन पूर्णांक चौदा शतांशवाल्या 'पाय'चा सोहळा. प्रत्येकीनं दोऱ्यानं परीघ मोजायचा, व्यास मोजायचा, भागाकार करायचा. कुणाचे तीन पूर्णांक एक दशांश यायचे, कुणाचे तीन पूर्णांक दोन. माझे पहिल्या वर्षी चार आले. मामा हसले नाहीत. "दोरा सैल धरला व्हतास. परात खोटं बोलत न्हाई," एवढंच म्हणाले. मी गणिताकडे वळले ती त्या परातीमुळे, हे मी कुठंही सांगायला तयार आहे.

एवढ्या जगाच्या तारखा सांभाळणाऱ्या या माणसाला स्वतःची तारीख ठाऊक नव्हती. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला येतो. पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, किती वर्षांचं? आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. मामांच्या दाखल्यावरही एक जूनच. स्टाफनं त्या दिवशी पेढे दिले की मामा पेढा खायचे, पण म्हणायचे, "हा गुरुजींच्या टाकाचा वाढदिवस. माझा न्हाई."

आई त्यांच्या लहानपणीच गेली. तिनं एवढंच सांगून ठेवलं होतं की तू अष्टग्रहीतला. अष्टग्रही म्हणजे बासष्ट सालचा फेब्रुवारी. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार अशी आवई तेव्हा उठली होती. गावोगाव लोक होमहवन करत, देवळात जीव मुठीत धरून बसले होते. पण ते होते तीन दिवस, तीन तारीख ते पाच. त्यातला मामांचा कुठला? "तिन्ही माझ्या आन् तिन्ही न्हाईत," ते म्हणायचे. तेव्हा त्यांचा चेहरा उतरायचा. आपल्या माणसाची अशी तारीख आपणच ठरवून टाकावी असं मला वाटे. एकदा बोलूनही दाखवलं, "मामा, मधली घ्या ना चार. कोण विचारतंय?" तर मामा असे भडकले की दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दोन हजार वीसच्या मे अखेरीस ते निवृत्त झाले. तेव्हा कोरोनानं शाळेला कुलूप. ना निरोप समारंभ, ना शाल. फळ्यावर चौदा मार्चचा पाय तसाच राहिला होता. पुढं शाळा उघडली तेव्हा तो पुसायला माझा हात धजेना. मामांनाच फोन केला. म्हणाले, "पूस की. शिळी तारीख ठिऊ नये. उद्यापासनं तू लिही." तेव्हापासून मी लिहिते.

मग दोन हजार चोवीसच्या जानेवारीत मामांच्या नातीच्या बारशाला मी गेले. तिथं शेवगावहून त्यांची मावशी आली होती, आईची धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली. मामा तिला चाळीस वर्षं विचारत आले होते की तारीख कोणती, आणि ती म्हणायची, "तारीख कुनाला ठाव, बाबा?" मी तारीख विचारलीच नाही. घुगऱ्या खाता खाता सहज म्हटलं, "मावशी, मामा झाले तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"हितंच की! नऊ-धा वर्साची आसंन मी. लई थंडी. समदा गाव देवळात. सुईन काही घरातनं भायेर निघंना, म्हनं जग बुडायचंय तर कशाला येऊ? माज्या आयनंच सोडवलं थोरलीला. आन् मी रडतीय कोपऱ्यात."

"घाबरून?"

"न्हाई गं! बाजार भरला न्हाई ना त्या दिवशी. बानं रेवडी आनायची कबूल केल्ती. जग बुडतंय का ऱ्हातंय, मला मेलीला रेवडीचं पडल्यालं."

माझ्या हातातल्या घुगऱ्या तशाच राहिल्या. आमच्या गावचा बाजार पिढ्यानपिढ्या रविवारचा. मी मामांना हाक मारली आणि मावशीला पुन्हा सगळं सांगायला लावलं. मामा ऐकता ऐकता खाली बसले. अंगठा पेरांवर फिरायला लागला, पण या वेळी हिशेब मोठ्यानं. "बासष्ट. त्याची चवथाई पंधरा. फेब्रुवारीचे ठरलेले तीन." इथं ते अडले. मग हळूच म्हणाले, "तारखेचे चार धरून बघू. बेरीज चौऱ्याऐंशी. सातानं भाग जातो. बाकी शून्य." शून्य म्हणजे रविवार, हे मला त्यांनीच नववीत शिकवलं होतं.

"म्हंजे मी चारचा," मामा म्हणाले. आणि लगेच, "पन साक्ष एकच हाय, बाई."

"दुसरी गणिताची," मी म्हणाले. "तीन दिवसांत रविवार एकच."

मामांनी तीन, चार, पाच पुन्हा पेरांवर मोजून बघितलं. मग मान हलवली, आणि उपरण्याला डोळे पुसत मावशीला म्हणाले, "चाळीस वर्सं मी तारीख इचारत बसलो. काय झालं ते इचारलंच न्हाई."

त्या वर्षी चार फेब्रुवारीही रविवारीच आली. शाळा बंद. शनिवारी लिहून ठेवते म्हटलं तर मामा म्हणाले, आगाऊ तारीख लिहायची न्हाई. मग रविवारी सकाळी कुलूप काढून आम्ही दोघंच फळ्यापुढं. खडू पुढं केला तर घेईनात. "स्वतःची स्वतः लिहू ने." मी लिहिलं. मामा हाताची घडी घालून नवख्या पोरासारखे वाचत राहिले, दोनदा, तीनदा. मग खडू घेऊन खाली बारीक अक्षरात लिहिलं : पुरावा, मावशीला न मिळालेली रेवडी. तिथून आम्ही बाजारात गेलो. मामांनी पावशेर रेवडी घेतली आणि शेवगावला जाणाऱ्या माणसाबरोबर मावशीला पाठवून दिली.

पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. मृत्यूच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. मी कचेरीत जाऊन भांडले. खिडकीतला माणूस भला होता, म्हणाला, "बाई, कागद काय आहे तुमच्याकडं?" आता त्याला रेवडी कशी सांगायची? मी परत आले, आणि वाटेत भर रस्त्यावर रडले.

यंदाच्या चार फेब्रुवारीला शाळा भरली होती. मी फळ्यावर मामांचं नाव लिहिलं नाही, नाव घेतलेलं त्यांना आवडलं नसतं. 'आज विज्ञानात' याच्या खाली लिहिलं : तारीखवाल्या मामांचा जन्म, वार रविवार. त्याखाली पुरावा लिहिला, आणि पोरींच्या हातावर एकेक रेवडी ठेवली.