मेजरच्या दोन्ही खांद्यांवर

अमेरिकेत पिस्कॅटवेला मी दोन वर्षं एका मराठी काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. त्यांचा मुलगा अमेरिकन सैन्यात कॅप्टन होता. हॉलमध्ये त्याचा युनिफॉर्ममधला मोठा फोटो होता, आणि महाराष्ट्र मंडळातलं कुणीही आलं की काका त्याला आधी त्या फोटोसमोर नेत. मुलाचं एका पुरुषाशी लग्न झालं आहे, हे मात्र मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाला काका-काकू गेले नव्हते. घरात विषय निघालाच तर काकू "त्याचा तो" म्हणत आणि काका उठून टीव्ही लावत.

मुलाला मेजरचं प्रमोशन मिळालं. समारंभात नव्या हुद्द्याची सोनेरी पानं घरच्यांनी खांद्यांवर लावायची असतात, एक आईने आणि एक नवऱ्याने, असं त्याने फोनवर सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"सगळ्यांसमोर?" काकूंनी विचारलं.

"आई, इथे सगळ्यांना माहितीये. सीक्रेट फक्त तुमच्याच घरात आहे."

त्या दिवशी काकांची नेमकी गुडघ्याची अपॉइंटमेंट निघाली. काकूंना हायवेवर ड्राइव्ह करायची भीती वाटते, म्हणून त्यांनी मला विचारलं. मला नाही म्हणायला नेहमीच वेळ लागतो, तोवर ठरून गेलं होतं.

दीड तासाचा रस्ता. पर्स मांडीवर घट्ट धरून काकू मध्येच म्हणाल्या, "शेजारी उभं राहिलं म्हणजे मान्य केलं, असंच होतं ना गं?" मी आरशात बघून लेन बदलली.

हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, झेंडा, एक केक. छापील कार्डावर मुलाच्या नावाखाली आईचं नाव होतं आणि नवऱ्याचं, पुढे "हजबंड" असं लिहिलेलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक वयस्कर महिला सार्जंट होती. तिने स्वतःहून बोलायला सुरुवात केली. ती सैन्यात नवीन असताना असं नातं कळलं तर नोकरी जायची, म्हणून ती आपल्या मैत्रिणीला चुलतबहीण म्हणायची. तिला पहिलं प्रमोशन मिळालं तेव्हा ती चुलतबहीण बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून होती. एवढं सांगून तिने मला केक चॉकलेटचा आहे का, असं विचारलं.

समारंभाला पाच मिनिटं होती. काकूंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली, बोट बुडवलं आणि मुलासमोर उभ्या राहिल्या. तो मागे सरकला.

"आई, युनिफॉर्मवर आत्ता नको. कर्नल येतायत. नंतर लाव."

काकूंचं बोट तसंच वर राहिलं. पुसायला हाताशी काही नव्हतं आणि साडी मोतिया रंगाची होती. मुलाचा नवरा शेजारीच करड्या सुटात उभा होता. त्याने ते बोट पाहिलं आणि गुडघे थोडे वाकवून मान खाली केली. हे त्याला कुणीतरी शिकवलेलं असणार. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी कार्ड वाचू लागले. पुन्हा वर बघितलं तेव्हा त्याच्या कपाळावर जरा तिरकं कुंकू होतं, आणि काकूंचा हात सवयीने डबीच्या झाकणातल्या अक्षतांकडे गेला होता.

कपाळाला दोन तांदूळ चिकटलेले असतानाच त्याने आपल्या बाजूचं पान लावलं. काकूंना त्यांचं जमेना. त्याने पलीकडून हात घालून मागची पिन दाबून दिली. टाळ्या झाल्या. कर्नलनी दोघांना सारखेच पुष्पगुच्छ दिले.

परत येताना काकांचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

"झालं का?"

"झालं. छान झालं."

"आणखी कोण होतं?"

काकूंनी मांडीवरची पर्स पायाशी ठेवली. "अहो, दोघं होते. गणपतीत दोघांनाही जेवायला बोलावलंय मी. आरतीला मंडळाचे लोक असतील त्या दिवशी."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"गाडी कोण चालवतंय?"

"ही चालवतेय."

"हळू चालव म्हणावं तिला," काका म्हणाले, पण फोन ठेवला नाही.