गाण्यातले वडील

आमच्या परवानगी विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर सव्वीस वर्षं एक गृहस्थ बसत. रस्ता, पूल, बाग, मैदान, काहीही कुणाला दोन तासांसाठी हवं असलं की अर्ज त्यांच्याकडे येई आणि बहुधा तिथूनच परत जाई. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे नामंजूरसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. नियम तोंडपाठ होते, आणि नियम पाठ असले की हो म्हणायची वेळ सहसा येत नाही.

निवृत्तीला चार महिने उरले असताना उलटी टोपी घातलेला एक दिग्दर्शक जुन्या पुलावर गाण्याचा व्हिडिओ करायची परवानगी मागायला आला. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा नाकावर खाली घेतला, डावी भुवई वर नेली आणि कागद दोन बोटांनी परत सरकवला. दिग्दर्शक रागावला नाही. बघतच राहिला आणि म्हणाला, "काका, हेच परत एकदा करता का?"

त्याला पूल मिळाला नाही, पण वडील मिळाले.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात साहेब पहिल्या गाण्यात उभे राहिले. काम तीन सेकंदांचं. दार उघडायचं, मुलाकडे बघायचं, दार लावायचं. मुलगा मग पावसात भिजत, शक्य तितक्या हळू चालत जातो. पाऊस टँकरचा असतो आणि दारामागे घर नसतं, नुसती एक फळी आणि ती धरलेली दोन माणसं असतात, हे त्यांनी आम्हाला गुपित सांगावं तसं सांगितलं.

पुढच्या आठ वर्षांत त्यांनी चाळीसेक मुलांना नकार दिला. सगळी गाणी दिसायला इतकी सारखी कशी, असं मी एकदा विचारलं, तेव्हा दिग्दर्शकाकडून शिकलेलं त्यांनी मला समजावलं. ते आमच्या परिपत्रकांइतकं पक्कं निघालं. आधी गाणं ठरत नाही, बघणाऱ्याचं वय ठरतं. सोळा ते बावीसच्या मुलामुलींसाठी पाऊस, मोटारसायकल, गच्ची आणि नाही म्हणणारा बाप. हा पाठ फिरवून खिडकीशी गेला की विषय संपला. पंचवीस ते पस्तीससाठी पांढरे पडदे, पिवळसर ऊन, कॉफीचे मग आणि विरघळणारा बाप. तोही पाठ फिरवून खिडकीशीच जातो, पण तिथे चष्मा काढून पुसतो, आठ मात्रा थांबतो आणि वळून हसतो. पंचेचाळीसच्या पुढच्यांसाठी सगळं जरा तपकिरी, आणि बाप भिंतीवरच्या फोटोत. या शेवटच्या वर्गात साहेब पाच वेळा वारले होते. वहिनींची हरकत तेवढ्यापुरतीच होती. पोरांना हवं तितकं नाही म्हणा, पण भिंतीवर टांगून घेऊ नका, असं त्यांचं म्हणणं. साहेब म्हणायचे, फोटोचं काम सगळ्यात सोयीचं, जावं लागत नाही.

मधला, विरघळणारा बाप मात्र त्यांच्या वाट्याला कधी आला नाही. ती कामं गोल चेहऱ्याचे एक निवृत्त पोस्टमास्तर नेत.

अडचण घरात उभी राहिली. साहेबांची एकुलती एक मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिचं तीन वर्षांपासून जमलेलं, पण हा घरी येईना. कॉलेजात असताना त्याने साहेबांना मोबाइलवर इतक्या वेळा दार लावताना पाहिलं होतं, की त्यांची बेल वाजवायचा धीरच होत नव्हता. एकदा जिन्यापर्यंत येऊन परत गेला. सगळ्या सबबी संपल्या तेव्हा मुलीने आईवडिलांसमोर त्याला फोन केला आणि सांगितलं, रविवारी अकराला आलास तर ठीक, नाहीतर सोमवारपासून मला नमुन्यांखेरीज काही विचारू नकोस. फोन ठेवून ती वडिलांकडे वळली.

"बाबा, तुमच्या त्या चेहऱ्यापायी माझं लग्न राहायला नको."

हे साहेबांना लागलं. मुलगा त्यांना न बघताच पसंत होता, पण ते चेहऱ्यावर आणायचं कसं? तीन दिवस त्यांनी आरशासमोर हसून पाहिलं. शनिवारी वहिनींनी मला बोलावलं. "भावजी, उद्या तुम्ही जवळ बसा. हे हसले की मलाच धडकी भरते."

शेवटी साहेबांनी दिग्दर्शकाला विचारलं. त्याने फक्त मुलाचं वय विचारलं. तीस म्हटल्यावर तो निर्धास्तपणे म्हणाला, मग पंचवीस ते पस्तीस, काका. खिडकी, चष्मा, आठ मात्रा, वळा आणि हसा.

रविवारी बरोबर अकराला बेल वाजली. दार ठरल्याप्रमाणे वहिनींनी उघडलं आणि त्या मुलीच्या मदतीला चहाकडे गेल्या. मुलगा खुर्चीच्या कडेवर टेकला, हेल्मेट मांडीवर. मी रहदारीबद्दल दोन वाक्यं बोललो. तेवढ्यात साहेब उठले आणि पाठ फिरवून खिडकीशी गेले.

वयाने तो तीस वर्षांचा होता, पण साहेबांना त्याने पाहिलं होतं ते कॉलेजातल्या गाण्यांत, आणि तिथे बापाने पाठ फिरवली की विषय संपे. चष्मा पुसणं चाललं होतं साहेबांच्या पोटाशी. ते त्याला दिसणार कसं? तिसऱ्या मात्रेला तो उठला, मला हळूच "येतो काका" म्हणाला आणि आवाज न करता निघून गेला. मी "अहो" म्हणेपर्यंत साहेबांनी पाठमोऱ्यानेच हात वर करून मला गप्प केलं. त्यांच्या अजून पाच मात्रा राहिल्या होत्या.

आठव्या मात्रेला ते वळले आणि हसले. खरोखर छान हसले. समोर रिकामी खुर्ची, आणि दारात चहाचा ट्रे घेतलेली मुलगी.

तिने खुर्चीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, ट्रे खाली ठेवला. "नाही म्हणालात?"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी खिडकीची कडी झटापट करून काढली आणि बाहेर वाकले. खाली तो हेल्मेट डोक्यात घालत होता.

"अहो, हो आहे माझं," साहेब ओरडले. "हो."

समोरच्या गॅलरीत कपडे पिळणारी बाई थांबली. त्याने हेल्मेट वर उचललं. "कशाला हो?"

"लग्नाला."

"पण मी अजून विचारलंच नाही."

साहेब अडले. अर्जाआधी मंजुरी, याला कुठलाच नियम लागू पडत नव्हता. मुलगी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि खाली बघू लागली. शेवटी समोरच्या गॅलरीतली बाई म्हणाली, "विचार की आता, दादा. माझं पाणी जातंय."

वर यायचा धीर त्याला अजूनही नसावा. हेल्मेट छातीशी धरून, मान वर करून त्याने रस्त्यातूनच विचारलं. साहेबांनी पुन्हा हो म्हटलं. या वेळी न ओरडताही ते खाली ऐकू गेलं.

"आता तरी वर या म्हणावं," मागून वहिनी म्हणाल्या. "मी चहा दुसऱ्यांदा गरम करणार नाही."