ठेव नको, कर्ज काढा

आमच्या सहकारी बँकेच्या सदाशिव पेठ शाखेत मी नऊ वर्षं मॅनेजर होतो. पेठेतली माणसं पैसे ठेवायला येत, मागायला नाही. कर्जाचा विषय काढला की अंथरूण पाहून पाय पसरण्याचा धडा मलाच ऐकवत. त्यामुळे शंभर रुपयांच्या ठेवीतले निम्मेही आम्ही कर्जाऊ देऊ शकत नव्हतो. उरलेले सरकारी रोख्यांत जात, आणि तिथल्या व्याजातून ठेवीदारांचं व्याज जेमतेम सुटे. दर आढावा बैठकीत शाखांचं कर्ज-ठेव प्रमाण मोठ्याने वाचलं जाई आणि माझी शाखा आली की सगळे माझ्याकडे बघत.

मग मीही तिरकस झालो. कोणी ठेव घेऊन आलं की म्हणायचो, "ठेवी पुरे झाल्या. कर्ज काढा, नाहीतर दुसरी बँक बघा." लोकांना त्याची गंमत वाटे. गणिताचे एक निवृत्त शिक्षक तर दरवर्षी पावती नवी करायला आले की स्वतःच विचारत, "बोला, यंदा कुठली बँक बघू?"

पुढे संचालकांनी प्रमाण वाढवायचा सोपा मार्ग काढला. खराडी-वाघोलीकडच्या तीन-चार बिल्डरांना मोठमोठी कर्जं दिली. प्रमाण सुधारलं, नफा वाढला, वार्षिक सभेत पेढे वाटले. दोनेक वर्षांत फ्लॅट विकले जाईनात आणि हप्ते थांबले. तीन महिने हप्ता आला नाही की त्या कर्जाचं न मिळालेलं व्याज उत्पन्नात धरता येत नाही. वर बुडीत रकमेची तरतूद करावी लागते ती नफ्यातूनच. ठेवीदारांचं व्याज मात्र चालूच राहतं. तीन-चार खात्यांनी सगळ्या बँकेचा नफा खाल्ला आणि मग भांडवलाला हात घातला. हे आकडे मला दिसत होते. बाहेर बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली असती आणि उरलीसुरली बँकही गेली असती.

त्याच सुमारास ते गणिताचे सर आले. निवृत्तीची सगळी रक्कम त्यांच्या एकाच पावतीत होती. बायकोला आता जिने चढवत नाहीत, म्हणाले. पुढच्या वर्षी ज्येष्ठांसाठीच्या एका संकुलात खोली घ्यायची आहे, तोवर वर्षभर ठेवू.

मी म्हणालो, "सर, इथे ठेवू नका. दुसरी बँक बघा."

ते हसले. "म्हणजे यंदाही ठेवून घेताय."

मीही हसलो आणि फॉर्म पुढे केला.

पाच महिन्यांनी बँकेवर निर्बंध आले. ठेवींवरच्या विम्याची ठरावीक रक्कम सरांना मिळाली, बाकीची अडकली. संकुलातली खोली दुसऱ्या कोणी घेतली. त्यानंतर एकदा ते चौकात भेटले. पिशवीत भाजी होती. मी नजर चुकवत होतो, तर तेच थांबले.

"तुम्ही सांगितलं होतंत, साहेब," ते म्हणाले. "मलाच ते नेहमीसारखं वाटलं. चूक माझी."

मला शरम वाटली, अजून वाटते. त्या दिवशी केबिनचं दार लावून, त्यांना समोर बसवून, एक सरळ वाक्य बोलता आलं असतं. मी मुद्दाम नेहमीच्याच स्वरात बोललो. त्या स्वरात सांगितलं तर ते ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.