कोरं अपघात रजिस्टर

सेफ्टी ऑफिसरच्या नोकरीत दोन गोष्टी साठतात, नोंदी आणि किस्से. आमच्याकडे नोंदी होतच नाहीत, त्यामुळे सगळा माल किश्शांतच जमा होतो! हिंजवडीच्या पुढे पत्र्याचे पार्ट बनवणारा आमचा कारखाना आहे. चार वर्षं मी शनिवार पेठेतून तिथे जाते. अपघात रजिस्टर अजून कोरं आहे आणि डोकं मात्र गच्च भरलंय.

*

गेटवर मोठा बोर्ड आहे, 'अपघाताविना दिवस'. मी रुजू झाले तेव्हा त्यावर तीन आकडी संख्या होती. म्हटलं, वा, काय शिस्त आहे!

आत गेले तर प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या विभागात, कांबळेंच्या बोटाला बँडेज. "काय झालं हो?"

"घरी भाजी चिरताना लागलं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी आणखी एकाचं बोट, तीच भाजी. महिन्याभरात सात बोटं! जो अपघात नोंदवून बोर्ड शून्यावर आणतो तो सगळ्या शॉपच्या डोळ्यांत खुपतो, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी आपली भाबडेपणाने विचारत होते, "तुमच्याकडे सगळे पुरुषच स्वयंपाक करतात का?"

कांबळे गंभीरपणे म्हणाले, "समानता पाहिजे ना, मॅडम!"

*

मग मी भिंतीवर एक पेटी लावली. 'थोडक्यात टळलेला अपघात लिहून इथे टाका. नाव लिहू नये.' महिनाभर रोज उघडायची, रोज रिकामी. एकदाची चिठ्ठी आली!

'ही पेटी काल माझ्या डोक्यावर पडता पडता राहिली.'

याची नोंद करायची की पेटी काढायची, मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

सुरक्षा सप्ताहात आमचे प्लँट मॅनेजर जोशीसाहेब स्टेजवरून सगळ्यांना शपथ देतात. यंदा 'मी सुरक्षितपणे काम करीन' म्हणून खाली उतरले आणि शेवटच्या पायरीवर सपशेल आडवे! समोर अख्खी शिफ्ट. घोटा बघता बघता सुजला.

मी धावत गेले. "साहेब, लिहू का?"

"काय लिहिताय? मी घरी पडलो."

मागून कांबळेंचा आवाज आला, "भाजी चिरताना!"

*

पण मला खरी काळजी सलीमभाईंची. पंचवीस वर्षं एकाच प्रेसवर उभा राहिलेला माणूस. प्रेसचा दणका असा, की शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नाही. मी चांगल्यातले इअरप्लग आणून दिले. आठवड्यानंतर पाहिलं तर यांचे कान मोकळेच.

"प्लग कुठे आहेत?"

"मुलीला दिले, मॅडम. बारावीला आहे. शेजारी रोज डीजे लावतात."

"आणि तुम्ही?"

"मला कुठे एवढा आवाज येतो आता!"

मी वही काढली तशी त्यांनी वहीवर हातच ठेवला. "लिहायचं नाही. माझी प्रेस काढून घेतील, स्टोअरमध्ये बसवतील. तिथे मी काय करू?"

मी जोशीसाहेबांकडे गेले. प्रेसभोवती आवाज अडवणारी केबिन बांधा म्हटलं. ते म्हणाले, "रजिस्टरमध्ये एकाचाही कान खराब नाही. मग केबिन कोणासाठी?" नोंद नाही म्हणून केबिन नाही, आणि प्रेस जाईल म्हणून नोंद नाही! या गोलात मी वर्षभर फिरतेय. कोणावर चिडायचं, तेच मला कळत नाही.

*

शेवटी भांडून कानांची तपासणी मंजूर करून घेतली. रिपोर्ट आला की नोंद करावीच लागणार होती. डॉक्टरबाई मशीन घेऊन आल्या. ऑफिसातल्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं, हेडफोन लावायचे, बारीक आवाज आला की हात वर करायचा.

पहिला नंबर सलीमभाईंचा लावला. ते ताठ बसले, डोळे मिटले आणि थोड्याच वेळात हात वर! मग पुन्हा. मग पुन्हा. काचेबाहेर उभी राहून मी मोजत होते. आठ वेळा! म्हणजे या माणसाचे कान ठणठणीत? वर्षभर मी उगाच जीव जाळत होते? आनंद व्हावा की राग यावा, तेही समजेना.

"डॉक्टर, सगळे आवाज ऐकू आले का हो त्यांना?"

बाई टेबलाखालून वायर ओढत वर आल्या. "थांबा हो जरा! मशीन अजून सुरू कुठे केलंय?"

काचेच्या आत सलीमभाईंनी पुन्हा हात वर केला.