मधल्या खुर्चीतल्या बाई

आमची भातशेती नव्या पनवेलच्या वसाहतीसाठी गेली आणि बाबा त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगचे वॉचमन झाले. आई डोक्यावर टोपली घेऊन बाजारात भाजी विकायची. अशा घरातून मी बी.कॉम. झाले. आमच्या विचुंबे गावात लोक म्हणायचे, "शिकली खरी, पण साहेब लोक हिला चहा द्यायलाच ठेवतील." ते फारसं चूकही नव्हतं. मुलाखतीत गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचं पेन थांबायचं. "लोकल का?" एवढंच विचारायचे. आमची माणसं घेतली की कारखान्यात दंगा होतो, असा पक्का समज.

मग एका नव्या कारखान्यात मुलाखत झाली. तिथे माणसं नेमणाऱ्या बाईंनी गावाचं नाव ऐकलं आणि विचारलं, "चालत येणार की सायकलने?" बस्स. मला नोकरी लागली.

बाई पनवेलच्या इस्राएल आळीतल्या, ज्यू. मराठी आमच्या कॉलेजातल्या सरांपेक्षा स्वच्छ, आवाज खणखणीत. शनिवारी जग बुडालं तरी कामाला हात लावायच्या नाहीत. नोकरी धरतानाच तशी अट घातलेली. त्याबदली रविवारी बंद शेडमध्ये एकट्या येऊन बसायच्या. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत पर्सोनेल खात्यात काढली होती. "तिथे मी जन्मभर आगी विझवल्या," म्हणायच्या. "आता जरा चूल नीट मांडून बघते."

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. पुण्याहून आलेल्या साहेबांनी इलेक्ट्रिक पॅनेल बनवायचा कारखाना काढला होता. भाड्याची शेड, जेमतेम बारा माणसं. आज याला स्टार्टअप म्हणतात; तेव्हा लोक 'नवा धंदा आहे, किती टिकतोय बघू' म्हणायचे. आणि एवढ्याशा धंद्यात माणसं सांभाळायला स्वतंत्र बाई! शेजारचे कारखानदार हसायचे, "लग्न ठरायच्या आधी पाळणा आणलाय."

बाई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "पाळणा नाही, वळण आणलंय," त्या म्हणाल्या. "बारा माणसांना जे वळण लागतं तेच पुढे दोनशेंना लागतं. दोनशे झाल्यावर मला बोलावलं असतं, तर मी नुसती भांडणं सोडवत बसले असते."

हट्टाने त्यांनी दुसऱ्या ड्रिलिंग मशीनच्या आधी एक लांब टेबल करून घेतलं. दुपारी साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळ्यांनी त्यावर जेवायचं. मी सुरुवातीला डब्याचं झाकण अर्धवट लावून जेवायची, कारण आत जवळा असायचा. बाई म्हणाल्या, "झाकून काय खातेस? चोरून आणलंयस का?" मग हळूच म्हणाल्या, "आमच्यात खवलं नसलेला मासा चालत नाही. मी तुझा जवळा तोंडात घालणार नाही. पण तुझ्या शेजारी बसणार." आणि बसल्या.

दादरहून येणारे आमचे इंजिनीयर शाकाहारी. त्यांना वासाने जेवण जाईना. बाईंनी त्यांना टेबलाचं एक टोक दिलं, जवळा-बोंबीलवाल्यांना दुसरं, आणि स्वतः मधल्या खुर्चीत बसल्या. तरी इंजिनीयरांचं समाधान झालं नाही. त्यांच्याशिवाय मोठी ऑर्डर पुरी होणार नव्हती, म्हणून साहेबांनी एका शनिवारी, बाई नसताना, टेबल मधोमध कापून घेतलं आणि मध्ये प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं. पलीकडे स्टाफ, अलीकडे गावची माणसं. माझं काम ऑफिसात, पण माझा डबा अलीकडे ठेवलेला.

रविवारी बाईंनी ते बघितलं आणि सोमवारी सगळ्यांसमोर साहेबांना विचारलं, "हे कशासाठी?"

"बाई, आधी धंदा उभा राहू दे. माणसांचं मग बघू."

"मग कधी बघणार? हे पार्टिशन उद्या विटांचं होईल. आज संध्याकाळपर्यंत हे निघेल, नाहीतर मी निघेन."

ओवे गावचे हरीदादा आमचे फिटर. ते उठून म्हणाले, "बाय, आमी बसतो भायेर. सवय हाय आमाला. आमच्यापायी तुमची नोकरी नको जायला."

"सवय आहे तेच तर वाईट आहे, हरीदादा. तुम्ही खाली बसा."

मी मान खाली घालून ऐकत होते. बाई गेल्या असत्या तर माझ्यासारखीला त्या कारखान्यात आठवडाभरही कोणी ठेवलं नसतं.

संध्याकाळी साहेबांनी स्वतः प्लायवूड उखडलं. इंजिनीयरांनी राजीनामा दिला, ऑर्डर लांबली, गिऱ्हाइकाची बोलणी खावी लागली. साहेब कितीतरी दिवस बाईंशी कामापुरतंच बोलत. बाईंनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. कापलेलं टेबल मात्र सुताराकडून जोडून घेतलं.

पुढच्या वर्षी आजूबाजूच्या कारखान्यांत संप झाले, गेटांवर लाल झेंडे लागले. आमच्याकडे काम चालू. साहेबांनी विचारलं, "बाई, आपल्याकडे कसं नाही झालं?"

"आपल्या माणसांना बोलायला गेटाबाहेर जावं लागत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागवला.

पाच-सहा वर्षांत माणसं शंभरावर गेली, स्वतःची शेड झाली. तेव्हाच बाईंनी इस्राएलला मुलाकडे जायचं ठरवलं. त्यांच्या जागी साहेबांना मुंबईचा मोठ्या डिग्रीचा माणूस हवा होता. बाईंनी माझं नाव सांगितलं. मी तिथेच उभी होते.

साहेब म्हणाले, "मुलगी हुशार आहे. पण ती गावाकडे झुकेल."

"झुकू दे की. आजवर सगळे दुसरीकडेच झुकत आलेत."

निघताना त्यांनी मला कसलाही उपदेश केला नाही. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "डोळे पूस. बाहेर मुलाखतीला नवीन माणसं येऊन बसलीत, त्यांना काय वाटेल?"

मी डोळे पुसून बाहेर गेले आणि पहिल्या मुलाला त्याचं गाव विचारलं, मग चालत येणार की सायकलने, तेही.

त्या कारखान्याची पर्सोनेल मॅनेजर मी झाले, आणि माझ्या काळात तिथे जेवायला दोन पंगती कधी बसल्या नाहीत.