अंगठ्याचं हाड आणि खराट्याची काडी

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. पोरीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती वाया कशाला घालवायची म्हणून लिहायला बसले. वाचणारीही मीच.

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलं होतं. बोराएवढं होतं तोवर मी लक्ष दिलं नाही. मग ते सुपारीएवढं झालं आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेलायला लागला. माझी थोरली जाऊ शेजारीच राहते, तिचं तोंड बारा महिने चालू. ती म्हणाली, "तुहा अंगठा बोटाच्या कानात काय सांगून राहिला वं? माह्या चुगल्या करते काय?"

मी हसून सोडून दिलं. पण संत्र्याच्या हंगामात मी पांढुर्ण्याला शेडमध्ये फळं निवडायला जाते. मोठं फळ वेगळं, बारीक वेगळं, डागी वेगळं, दिवसभर उभ्यानं. त्या वर्षी दुपार होईस्तोवर पाय इतका ठणकायचा की मी चप्पल काढून एका पायावर उभी राहायची. मुकादम म्हणाला, "बाई, बगळ्यावानी उभं राहून काम होत नसन, त उद्यापासून दुसरी बाई पाहतो." बोलला हसतच, पण रात्री मला जेवण गेलं नाही. रोजी गेली तर सगळा हंगाम गेला.

शेवटी जाऊनेच मला सौंसरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेतला तशी मी तो ओढूनच घेतला.

"लाजता काय? पायच पाहते ना," त्या म्हणाल्या. हाड दाबून झालं, मग माझी चप्पल उलटीसुलटी करून पाहिली. "ही कोणी घेतली?"

"घरचे आणतात."

"तुम्ही दुकानात पाय घालून पाहत नाही?"

मी खाली पाहिलं. जाऊला तेवढंच पाहिजे होतं. "इचा नवरा खराट्याची काडी घेऊन बाजारात जाते जी. पायाले लावून तोडली, का झालं माप."

खरंच होतं. दुकानदारापुढे पाय करायची मला लाज वाटते, म्हणून लग्नानंतर मीच ही युक्ती काढली. हे बिचारे ती काडी पेनासारखी खिशाला खोचून जायचे.

डॉक्टरीणबाई हसल्या. "काडी लांबी सांगते हो. रुंदी कोण सांगणार?"

वीस वर्षांत हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यांनी समजावलं. हाड नवीन उगवलेलं नाही. अंगठा आत झुकला म्हणून त्याचा सांधा बाहेर आला. काही घरांत ते आईकडूनच येतं, आणि अरुंद चपलेनं वाढतं. आता ते आपोआप आत जाणार नाही, पण दुखणं कमी होईल. पुढून रुंद, मऊ तळाचा बूट घाला, दुखलं तर फडक्यात बर्फ धरून शेका, अंगठा हातानं हलकेच सरळ करत जा. तरीही थांबलं नाही तर ऑपरेशनचं पाहू.

तिथून जाऊनं मला सरळ बुटाच्या दुकानात बसवलं. दुकानदार बूट घेऊन समोर बसला, तसा मी पाय साडीत लपवला.

"तो पोरगी पाहाले नाही आला, बूट दाखवाले आला. काढ पाय!"

काढला. बायकांचा एकही जोड बसेना. बसला तो पुरुषांचा काळा बूट, नऊशे रुपयांचा. माझ्याजवळ दोनशे. उरलेले सातशे जाऊनं कोंबड्या विकून आलेल्या पैशांतून दिले आणि वर सांगितलं, "फुकट नाही बरं! दर शनिवारी शंभर."

घरी यांनी बूट पाहिला, स्वतःच्या पायात घालून पाहिला आणि म्हणाले, "आपल्या दोघांत एकच जोड पुरला असता." शेडमध्ये बाया म्हणाल्या, "सरका वं, पोलीस आली!" मी लाल झाले, पण दोन्ही पायांवर उभी राहिले. पहिला आठवडा पाय दुखलाच. मग ठणका कमी होत गेला. मुकादमानं दुसरी बाई पाहिली नाही.

दर शनिवारी मजुरी मिळाली की मी जाऊकडे जायची. ती आधी पाय पाहायची, मग नोट घ्यायची. हंगाम संपायच्या आत सातवी नोट तिच्या हातावर ठेवली आणि सातशे रुपये पूर्ण फिटले.