वर्गणीचा पाहुणा

कबड्डीच्या मैदानाबाहेर बसून खेळाडूंवर ओरडणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. सगळी नोकरी न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनच्या केबिनमध्ये गेली. तिथे वर बसून खालच्यांवर ओरडावं लागायचं, त्यामुळे आवाज आणि स्वभाव दोन्ही चढेच राहिले. रेवदंड्याला घरी परतलो तेव्हा आमच्या पाड्याच्या क्रीडा मंडळाने मला चिटणीस केलं. बायकोला फार आनंद झाला. घरातला निम्मा आरडाओरडा आता मैदानावर जाईल, असं तिने शेजारणीला सांगितल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

आमच्या इथल्या स्पर्धेत प्रत्येक संघाला बाहेरचा एक खेळाडू घ्यायची मुभा आहे. गेल्या हंगामात मी हट्टाने असा एक खेळाडू ठरवला, जो टीव्हीवरच्या लीगमध्ये खेळतो. मूळचा आपल्याच जिल्ह्यातला, आतल्या गावातल्या भातशेतीच्या घरातला, पण आता त्याचा भाव आभाळाला टेकलेला. वर्गणी काढायची ठरली आणि मंडळाच्या ओट्यावर एकच गलका झाला. सगळ्यात मोठा आवाज होता आमच्या नाखवाचा. त्याच्या दोन बोटी आहेत आणि मतं त्याहून जास्त.

"एवढं पैसं घेऊन तो अंगचोरीच करनार," नाखवा म्हणाला. "त्याला आपल्या पाड्याचं काय हाय? तो आपलं गुडघं सांभाळील नि जाईल घरी."

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर बोलून गेलो, "त्याने अंगचोरी केली तर मी चिटणीसपद सोडतो. पुन्हा या ओट्यावर बसणार नाही."

घरी जाताना कळलं की आपण काय पणाला लावलंय. तो ओटा गेला तर मला उरणार टीव्ही आणि रक्तदाबाच्या गोळ्या. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

वर्गणी मात्र भरभरून जमली. सगळ्यात जास्त दिली मोहल्ल्यातल्या खालांनी. त्यांचं किराण्याचं दुकान, मुलगा आखातात. मुलाने तिथून पैसे पाठवले आणि खालांनी ते आणून माझ्या हातात ठेवले. आता आमच्याकडे एक रीत आहे. ज्याने वर्गणी दिली, त्याच्या घरी बाहेरच्या खेळाडूने घासभर तरी खायचं. म्हणून आम्ही त्याला खेळाडू म्हणतच नाही, पाहुणा म्हणतो. रीत जुनी आणि चांगली आहे. फक्त आजवरचे पाहुणे चार घरांच्या वर्गणीतले असायचे. हा पाहुणा साऱ्या पाड्याचा होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तो शनिवारी सकाळी आला. उंच, लाजरा, सगळ्यांच्या पाया पडणारा. नाखवाने विरोध केला होता खरा, पण वर्गणी दिली होती, त्यामुळे पहिला मान त्यानेच पटकावला. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. तिथून पुढच्या घरी कोळंबीचं भुजणं. मग वाडीतल्या शेतकरी मित्राकडे पोपटी, म्हणजे वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी मडक्यात घालून भाजलेली. ती अर्धवट टाकून कोण उठतं? आमच्याकडे घासभर याचा अर्थ ताट दोनदा भरणं असाच होतो. तिसऱ्या प्रहरीसुद्धा मी त्याला एका ओसरीवर मांडी घालून बसलेला पाहिला. मला वाटलं, वा, किती मिळून मिसळून वागतोय पोरगा!

संध्याकाळी उपांत्य सामना. पाहुणा चढाईला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. पुन्हा गेला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर मध्यरेषेपाशीच त्याचा दम तुटला आणि समोरच्यांनी त्याला अगदी सावकाश, पाहुण्याला धरावं तसंच धरलं. लोक हसायला लागले. नाखवा हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि ते जास्त वाईट होतं.

मध्यंतरात मी तरातरा पाहुण्याकडे गेलो. "अरे, पळायचे पैसे घेतलेस ना तू? मग पळ की!"

तो पोटावर हात ठेवून बसला होता. "काका, सकाळपासून जेवतोय मी," तो हळूच म्हणाला. "शेवटच्या घरी तर बुटाच्या नाड्या बांधायला वाकता येईना."

"मग नाही म्हणायचंस!"

"आईची शिकवण आहे, कुणाच्या ताटाला नाही म्हणायचं नाही. लीगमध्ये आमच्या संघाला आहार बघणारा एक माणूस असतो. आमच्या वतीने तोच नाही म्हणतो." मग इकडेतिकडे बघून त्याने अगदी निरागसपणे विचारलं, "इथे तो माणूस कोण आहे?"

मी पण इकडेतिकडे बघितलं. तसा माणूस कुणी नव्हता.

सामना आम्ही कसाबसा जिंकलो, तो आमच्या कप्तानामुळे. हा कप्तान अलिबागच्या रस्त्यावर रिक्षा चालवतो आणि पाहुणा येणार म्हटल्यापासून फुगून बसला होता. रागाच्या भरात तो असा खेळला की समोरच्यांची दाणादाण उडाली. पण पाड्यात चर्चा जिंकल्याची नव्हतीच. "माझ्या बोटीवर असा खलाशी असता तर जेट्टीवरच उतरवला असता," नाखवा म्हणाला. "चिटणीस, शब्द ध्यानात हाय ना?" मी म्हटलं, उद्या बोलू.

रविवारी सकाळी उठलो आणि नाही म्हणायला निघालो. सुरुवात घरापासून. बायको कोळंबी सोलत होती. पाहुणा जेवायला येणार नाही म्हटल्यावर तिने मला असं काही ऐकवलं की क्रेनवरची माझी भाषा त्यापुढे ओवीसारखी वाटावी. मग दारोदार फिरलो. कुणी तोंड फिरवलं, कुणी विचारलं, "आमचं पैसं काय खोटं हायत?" पाड्यात एखाद्याच्या ताटाला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या घराला नाही म्हणणं. बंदरात वादळी वाऱ्यात कंटेनर उतरवले, पण असा घाम मला कधी फुटला नव्हता.

शेवटचं घर खालांचं. रविवारचं दुपारचं जेवण त्यांचं ठरलं होतं. आत बिर्याणीचा दम चढला होता, परातीत वाफवलेली सांदणं मांडून ठेवली होती. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहून सगळं सांगितलं.

"मेहमान माझा, आणि मना तू करणार?" खाला म्हणाल्या.

"खाला, तो स्वतः मना करू शकत नाही. त्याच्या आईने शिकवलंच नाही. म्हणून मी आलोय."

"आई चांगली आहे म्हणायची." त्या जरा निवळल्या. "मग पोरगा खाणार काय?"

"पेज, आणि एखादं केळं."

"पेज मी देते. पण आज ती दुसऱ्या कुणाच्या घरची असली तर याद राख." आणि दम चढलेलं पातेलं तसंच ठेवून त्या पेजेचे तांदूळ धुवायला गेल्या. वाकून नमस्कार करावासा वाटला, पण त्यांनी पाठ फिरवली होती.

संध्याकाळी अंतिम सामना. खाडीपलीकडचा संघ, दांडगा. सामना सुरू व्हायच्या आधी पाहुणा आमच्या रिक्षावाल्या कप्तानाजवळ गेला. "दादा, पहिली चढाई तुमची. मैदान तुमचं आहे." कप्तानाचा फुगा तिथेच फुटला. मग पाहुणा उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, जिथे सगळ्यात जास्त मार बसतो. कप्तान बाद होऊन बाहेर बसला की हा ओरडायचा, "दादांना आत आणायचंय!" आणि समोरच्या रेड्यासारख्या चढाईपटूच्या पायांवर झेप घ्यायचा. एकदा कोपर फुटलं, एकदा ओठ. पाणी मागितलं नाही. आमची पोरं त्याच्याकडे बघून अशी खेळायला लागली की मी ओरडायचंच विसरलो.

शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. पाहुणा गेला. एकाला शिवला आणि तिघांनी त्याला खाली पाडलं. तिघांना अंगावर घेऊन तो रेषेकडे सरपटत निघाला. साऱ्या मैदानाला त्याचा "कबड्डी कबड्डी" असा घोष ऐकू येत होता, चिरकत गेलेला. रेषा वीतभर राहिली आणि दम तुटला. शिट्टी वाजली.

आम्ही हरलो. एवढी वर्गणी, एवढा गाजावाजा, आणि चषक खाडीपलीकडे. मला वाटलं, आता बोलावं लागणार. नाखवाने मागायच्या आधी आपणच सोडावं, म्हणून मी मंचावर चढलो आणि माईक हातात घेतला. "मंडळी, मी शब्द दिला होता..." एवढंच बोललो असेन.

मागून कुणीतरी माईक हिसकावला. नाखवा. मैदानातून धावत आला होता, शर्टाला माती लागली होती, कारण पाहुण्याला उचलून उभं करणारा पहिला माणूस तोच होता.

"अंगचोरी केली काय त्यानं?" तो माईकवर गरजला. "न्हाय ना? मग बस की खाली गप!"

सारं मैदान हसलं. मी खाली बसलो. इतक्या लोकांसमोर मला आजवर कुणी गप बसवलं नव्हतं, आणि आयुष्यात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.